हे प्रकरण माझ्यासमोर नको

पूल दिसला की वकीलसाहेब गाडी थांबवायचे आणि पुलावरून जायच्या आधी पुलाखाली जायचे. मंत्री होते तेव्हाही. पलीकडच्या टोकाला लोक हार घेऊन ताटकळलेले, बँडवाल्याने गालात हवा भरून ठेवलेली, आणि मंत्री गायब. मग कुणीतरी कठड्यावरून वाकून पाहायचं, तर साहेब पॅन्ट पोटरीपर्यंत दुमडून चिखलात उभे आणि खांबावर हात थापटताहेत. त्यांच्यामागे अभियंते बिचारे नव्या बुटांनिशी घसरत खाली यायचे. "वरून पूल वकिलावाणी बोलते माय, सारं गुळगुळीत," ते मला सांगायचे. "खालून पाह्य, मंग साक्षीदार बोलते." एकदा हिंगणघाटच्या रस्त्यावर अशाच एका पुलाखाली मधमाश्यांनी त्यांना गाठलं. पुढच्या सभेत ते सुजलेला डोळा पुसत पुसत बोलले, आणि साहेबांना गहिवरून आलं अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. ती त्यांनी मला दोनदा वाचायला लावली आणि पोट धरून हसले.

मी देवळीची. वकिलीची परीक्षा देऊन वर्ध्याच्या कोर्टात आले तेव्हा यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले. त्यांच्या ऑफिसात एकच खुर्ची होती आणि ती अशिलासाठी. वकील बसला की त्याचं डोकंही बसतं, असं त्यांचं मत. त्यामुळे ते दिवसभर फिरत आणि मी दिवसभर उभी. संध्याकाळी घरी गेले की आई गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवायची आणि विचारायची, तू वकिलीण झालीस की पोस्टमन? पुढे ते निवडून आले, राज्यमंत्री झाले, अर्थ आणि सार्वजनिक बांधकाम अशी दोन वजनदार खाती मिळाली, आणि त्यांनी मला स्वीय सहायक म्हणून मुंबईला नेलं. जिल्हा मात्र त्यांना वकीलसाहेबच म्हणत राहिला. मीही दुसरं काही म्हणाले नाही.

मंत्रालयात तरी बसायला मिळेल अशी माझी भाबडी समजूत होती. तिथे तर कॉरिडॉर लांब! साहेब मजकूर सांगत पुढे, मी वही घेऊन मागे, माझ्यामागे फायली छातीशी धरलेला शिपाई, आणि त्याच्यामागे धापा टाकणारे उपसचिव. चहा आला की उभ्यानेच दोन घोट घ्यायचे आणि कप जिथे असेल तिथे ठेवून निघायचे. खिडकीत, कपाटावर, एकदा तर दुसऱ्या मंत्र्याच्या दालनात. विधान परिषदेत अर्थसंकल्प वाचायचं काम राज्यमंत्र्याचं. ते भाषण म्हणजे त्यांच्या मते सक्तमजुरी होती. आकड्यांचं त्यांना भय नव्हतं, पण तासभर एका जागी उभं राहायचं! ते या पायावरून त्या पायावर झुलत वाचत राहायचे आणि गॅलरीत बसून मलाच भोवळ यायची.

प्रश्न विचारण्याची त्यांची रीत शेवटपर्यंत कोर्टातलीच राहिली. "हौ का नाई, तेवढं सांग." अभियंत्याला, पुढाऱ्याला, स्वयंपाक्यालाही हेच. भाजीत मीठ टाकलंस, हौ का नाई? कमी टाकलंस, हौ का नाई? काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की माझं यांच्याशी लग्न झालंच नाही, उलटतपासणी चालू आहे. कंत्राटदार त्यांना भीत. एका रस्त्याच्या पाहणीत एकाने लांबलचक खुलासा सुरू केला. साहेबांनी ऐकून घेतलं, रस्त्यावर टाच घासली, डांबर पापडासारखं उचललं, त्याच्या हातावर ठेवलं आणि पुढे चालू लागले. तो रस्ता पुन्हा झाला.

आणि एक वाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही जिना चढताना आठवतं. "फाईलले पाय नसते माय. आपल्यालेच तिचे पाय व्हा लागते." कुणा खेड्यातल्या शाळेच्या भिंतीचं काम अडलं की ते स्वतः मजले चढून जायचे, या टेबलावरून त्या टेबलावर. मंत्र्याने असं फिरू नये, शोभत नाही, असं मोठ्या साहेबांनी, म्हणजे खात्याच्या कॅबिनेट मंत्र्यांनी, सुचवून पाहिलं. हे म्हणाले, शोभेसाठी मले कोणी निवडून देल्लं नाई.

आता त्यांच्या गावाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. हिंगणीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. मध्ये नाला. नाल्यावर रपटा, म्हणजे सिमेंटचा एक बुटका पट्टा; पाऊस बरा झाला की पाणी त्याच्यावरून वाहायला लागतं आणि गाव तुटतं. शाळा अलीकडे, दवाखाना अलीकडे, बाजार अलीकडे. गावात साहेबांची थोरली बहीण अंबूबाई राहायची. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच यांना वाढवलं, गोंडांच्या बायांबरोबर जंगलात जाऊन मोहफुलं वेचली आणि यांना वर्ध्याला शिकायला ठेवलं. एका पावसाळ्यात अंबूबाईच्या शेजारच्या सुनेला खाटेवरून न्यावं लागलं. पाणी उतरेना, आणि बाळ त्या रपट्याच्या तोंडाशीच झालं. मायलेक सुखरूप राहिले म्हणून गावाने हसून घेतलं. पोराचं पाळण्यातलं नाव काहीतरी छान आहे, पण गाव त्याला रपट्याच म्हणतं. अंबूबाई मात्र हसली नाही. खाटेचा एक पाय तिच्या खांद्यावर होता.

आपला भाऊ अर्थ आणि बांधकाम दोन्ही खात्यांचा मंत्री, म्हटल्यावर पूल झालाच, असं गावाने धरून चालावं यात नवल नव्हतं. मीही धरून चालले होते. प्रस्ताव आला तेव्हा मी तो उत्साहाने त्यांच्यासमोर ठेवला. गावाचं नाव वाचलं आणि साहेब चालता चालता थांबले. ते थांबले की काहीतरी बिनसलं असं समजावं.

"हे प्रकरण माझ्यासमोर नको," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ती थट्टा नव्हती. न्यायाधीशापुढे त्याच्या नातेवाइकाचं प्रकरण आलं तर तो बाजूला होतो, दुसऱ्याकडे देतो. मग मंत्र्याला वेगळा न्याय का? माझी बहीण त्या नाल्यापलीकडे राहते, हौ का नाई? मग मी ठरवणारा कोण? त्यांनी सचिवांना बोलावून सांगितलं की हे काम माझ्या गावचं आहे, मी त्यात हात घालणार नाही, तुमच्या पातळीवर गुणदोष पाहून काय ते ठरवा. सचिव मान हलवून गेले. मी चिडून विचारलं, निदान पुढे काय झालं ते तरी अधूनमधून विचारणार ना? ते म्हणाले, "मंत्र्यानं इचारणं म्हंजे सांगणंच असते." जिल्ह्यातल्या प्रत्येक भिंतीसाठी मजले चढणाऱ्या या माणसाने आपल्या नाल्याच्या फाईलकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला हे खरं, आणि त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं हेही तितकंच खरं.

अंबूबाईला हे पटणं शक्यच नव्हतं. दिवाळीला साहेब तिच्याकडे जात, तेव्हा मी एकदा सोबत होते. तिने साडी बाजूला सारली. "मले लुगडं नको. पूल कवा बांधतं ते सांग." साहेब अंगणात येरझाऱ्या घालत समजावू लागले, नियम, निष्पक्षता, लोक काय म्हणतील. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याचा मंत्री हायेस नं? मंग आमी काय जिल्ह्याच्या भायेर राह्यतो?" या प्रश्नाला हौ का नाई एवढंच उत्तर होतं. साहेबांनी साडी पुन्हा तिच्यापुढे सरकवली. पुढच्या पावसाळ्यात गाव पुन्हा तुटलं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली. ते भेटायला आले की ताट वाढायची, पाणी द्यायची, आणि भिंतीकडे पाहत बसायची.

निवडणूक ते हरले. जिल्हाभर पूल, रस्ते, शाळा उभ्या होत्या, पण वारं फिरलेलं होतं. हरल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वर्ध्याचं ऑफिस झाडून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात कोट घातला. लागलं ते एकच. त्यांच्या स्वतःच्या गावाने त्यांना मत दिलं नव्हतं. "घरचाच साक्षीदार फितूर झाला," एवढंच बोलले. मग खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मी जामिनाचा अर्ज लिहीत होते, आणि त्यांच्या चपलांच्या आवाजाने मला एक ओळ सुचेना. शेवटी मी म्हणाले, साहेब, एकतर बसा नाहीतर बाहेर जा. ते निमूटपणे बाहेर गेले आणि कोर्टाच्या आवारात फिरत राहिले.

खरी गोष्ट कळली ती हिंगणघाटच्या एका लग्नात. खात्यातले एक निवृत्त अधिकारी जेवायला आमच्या शेजारी बसले. सज्जन गृहस्थ, साहेबांना फार मानायचे. बोलता बोलता पुलांचा विषय निघाला आणि साहेबांनी सहज म्हणून विचारलं, आमच्या गावच्या कामात काय त्रुटी निघाली होती हो? अधिकारी चमकले. "त्रुटी? त्रुटी कसली साहेब? काम आवश्यकच होतं. पण तुम्ही स्वतः म्हणालात, माझ्यासमोर नको. कोणताही मंत्री सगळ्यात आधी आपल्या गावचं काम करून घेतो. आपण ते दूर लोटलंत, म्हणजे गावावर आपली नाराजी असणार, असंच आम्ही समजलो. मग ते वर काढून आपला राग कोण ओढवून घेणार? आम्ही आपल्याच इच्छेचा मान राखला, साहेब." आणि त्यांनी समाधानाने जिलबी उचलली.

साहेबांचा हात पानावर तसाच राहिला. मी त्यांना इतक्या वर्षांत इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली. वाढपी येऊन गेला, मठ्ठा येऊन गेला. मग ते उठले, हात धुतले आणि नवरानवरीला न भेटताच निघाले. गाडीत एकदाच म्हणाले, "मी हात काढून घेतला, बरोबर केलं. पण दुसऱ्या कोणी धरला का, हे पाह्यलंच नाई माय."

त्यानंतर त्यांचं फिरणं बदललं. आधी ते कुठेतरी जायला निघालेले असत. आता नुसतेच फिरत. कोर्टात बोलताना गोंधळत, अशिलाची नावं विसरत, पहाटेच माझ्या दारात येऊन, चालतेस का म्हणून विचारत. आणि एके दिवशी ऑफिसात येऊन म्हणाले, "वकालतनामा काढ. पुलासाठी हायकोर्टात जाऊन राह्यलो आपण. सरकारच्या विरोधात."

"सरकार म्हणजे तेव्हा तुम्हीच होतात, साहेब."

"हौ. म्हून तं."

मग आम्ही गावी गेलो. अंबूबाई ओसरीत तूर पाखडत होती. साहेब अंगणात उभे राहिले आणि जे झालं ते सगळं त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्याचं, लग्नातलं, स्वतःचं न विचारणं, काही न गाळता. फिरले नाहीत. ती सूप हलवत राहिली. सांगून झालं तेव्हा ती त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलली. "इतका शिकला व हा. अन् एवढंही समजलं नाई याले, का भाऊ पाठ फिरवते तवा दुनियाही पाठ फिरवते?" मग हात पुसून तिने पेन मागितलं आणि अर्जदार म्हणून सही केली. एकेक अक्षर कोरून. ती सही तिला साहेबांनीच लहानपणी शिकवली होती, हे मला परतताना त्यांनी सांगितलं.

अर्ज लिहितानाच मी त्यांना बजावलं होतं की ज्या प्रकरणात आपण साक्षीदार ठरू शकतो, त्यात वकील म्हणून उभं राहता येत नाही. हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ते म्हणाले, "येकदा तं उभा राहू दे माय गावासाठी. मंग पाहू." मी वकालतनाम्यावर त्यांच्या नावाखाली माझंही नाव घातलं.

नागपूरला सुनावणी लागली. अंबूबाई मागच्या बाकावर, पदर घट्ट आवळून. साहेब उभे राहिले आणि काय बोलले! पुलाखाली उतरलेला माणूसच असं बोलू शकतो. पाणी कुठून येतं, रपटा कुठे खचलाय, खाटेला कुणी कुणी खांदा दिला. मग सरकारी वकील उठले आणि सभ्यपणे म्हणाले की खात्याच्या तत्कालीन मंत्र्यांनीच या कामात रस दाखवला नव्हता. न्यायमूर्तीबाईंनी विचारलं, तत्कालीन मंत्री कोण होते?

"मीच होतो," साहेब म्हणाले.

कोर्टात कुजबुज झाली. न्यायमूर्तीबाई चष्मा काढून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, मग तुम्ही इथे वकील आहात की साक्षीदार? दोन्ही होता येणार नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

साहेबांनी मान हलवली. गळ्याचे पांढरे बँड सोडले, गाऊन उतरवला, घडी घालून टेबलावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाले. "मी साक्षीदार आहे," ते म्हणाले. "ते काम आवश्यक होतं. मी दूर राहिलो तो नकार नव्हता. पण तो नकार समजला जाईल, हे मला कळायला हवं होतं, आणि कळलं नाही. दोष नाल्यापलीकडच्या लोकांचा नाही, माझा आहे." हे लेखी द्या, असं न्यायमूर्तीबाई म्हणाल्या. सरकारला उत्तर द्यायला पुढची तारीख दिली. आता यापुढे उभं राहायचं होतं मी.

बाहेर व्हरांड्यात अंबूबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवाळ्यांनंतर ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "सकाळपासून काई खाल्लं का तुनं?" तिने पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढलं. साहेब बाकावर बसले आणि सगळी भाकरी संपेपर्यंत बसून राहिले.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते गेले. सकाळी अंगणात फेऱ्या मारताना छातीवर हात ठेवला, एवढंच. त्यांच्या इच्छेप्रमाणे गावीच नेलं. माणसं इतकी आली की रपट्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. मत न देणारंही सगळं गाव होतं. काकूंना बायांनी धरलं होतं. अंबूबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. मी तिच्याजवळ गेले आणि सांगितलं की उद्या कोर्टात मी वेळ मागून घेईन, असं झालं की कोर्ट देतं, पुढची तारीख मिळेल.

तिने माझं मनगट धरलं. "नाई. तारीख घेऊ नको. थांबणं जमलं का त्याले कवा? तू उद्या उभी राह्यजो. काय झालं ते मले सांगजो."

मी गेले. न्यायमूर्तीबाईंना बातमी कळली होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला वेळ हवा आहे का? मला हवा होता. रात्रभर डोळा लागला नव्हता, आणि शेजारची रिकामी जागा दिसू नये म्हणून मी समोरच पाहत होते. मी म्हणाले, नको. बोलले ते काय बोलले, मला आठवत नाही. सरकारी वकील उठले, साक्षीदाराने लिहून दिलेलं त्यांना अमान्य नव्हतं. पूल येत्या पावसाळ्याआधी पूर्ण करावा, आणि काम कुठवर आलं ते दर महिन्याला कोर्टाला कळवावं, असा आदेश झाला.

बाहेर येऊन मी अंबूबाईला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"झालं?"

"झालं, अंबूबाई. पूल होणार. पावसाच्या आधी."

"कागदावर हाय नं? कोणी मांगं तं नाई नं घेणार आता?"

"नाही. दर महिन्याला कोर्ट विचारणार आहे."

फोनमधून घरातल्या बायांचे आवाज येत होते, कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं.

"बरं केलं," ती म्हणाली. "आता ठेव फोन. आता मले रडू दे."